आधी पाणी बघ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगताचे शब्दांकन)



संयोजकांनी प्रत्येकाला सांगितलं होतं की नोकरी, बढती, बंगला, मुलांची पॅकेजेस यावर बोलायचं नाही. शाळा सुटल्यावर मनापासून काय केलंत ते सांगा. माझी नोकरी चाकणच्या एका कारखान्यात, देखभाल विभागात. बंद पडलेलं यंत्र चालू करून देणं हे पोटाचं काम. आणि मनाचं काम म्हणाल तर रिमोटवर चालणाऱ्या शर्यतीच्या बोटी. घरात याला "पोरांची बोट" म्हणतात. आज त्या बोटीवरच बोलणार आहे. कंटाळा आला तर मागच्या बाकावरच्यांनी पूर्वीसारखं खुशाल झोपावं.

आधी ही बोट म्हणजे काय ते सांगतो. जत्रेत मिळते ती प्लास्टिकची नव्हे. माझी बोट पाऊण मीटर लांब आहे, बॅटरीसह वजन अडीच किलोच्या आसपास. अंग फायबरचं, तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा. आत मुठीएवढी ब्रशलेस मोटार, तिला वीज मोजून देणारा स्पीड कंट्रोलर, चार सेलची लिपो बॅटरी, सुकाणू हलवणारा एक छोटा सर्व्हो आणि रिमोटचा संदेश घेणारा रिसीव्हर. मागे चाळीस मिलिमीटर व्यासाचा धातूचा पंखा. पूर्ण जोर लावला की ही मोटार ८० अँपिअरपर्यंत वीज ओढते. बॅटरी १४.८ व्होल्टची. गुणाकार केला तर साधारण १,२०० वॅट, म्हणजे दीड एचपीच्या पंपाएवढी ताकद. तेवढी ताकद अडीच किलोच्या बोटीत घातल्यावर ती ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे पळते. बॅटरी ५,००० एमएएचची असते, त्यामुळे एक फेरी चार-पाच मिनिटांत संपते.

ही कल्पना नवी नाही. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत बिनतारी संदेशावर चालणारी बोट लोकांना दाखवली होती. म्हणजे रिमोटवरचं विमान आणि ड्रोन यांच्या कितीतरी आधी बोट आली. आपल्याकडे एनसीसीच्या नौदल विभागाच्या शिबिरांत जहाजांच्या प्रतिकृतींची स्पर्धा असते, ती याच घराण्यातली.

आता कुणी म्हणेल, हिंगोलीत समुद्र कुठे? खरं आहे. आपण शाळेत होतो तेव्हा तर हिंगोली जिल्हाही नव्हता. १ मे १९९९ ला झाला, तोवर आपण परभणी जिल्ह्यातलेच. पण पाणी आपल्याकडे आहे. पूर्णेवर सिद्धेश्वर आहे, पैनगंगेवर इसापूर आहे. आणि गेल्या काही वर्षांत शिवारात जिकडेतिकडे शेततळी झाली. बोटीची चाचणी घ्यायला शेततळं उत्तम, कारण पाणी संथ आणि चारही काठ डोळ्यांसमोर. मात्र तिथं फक्त कमी वेगाची चाचणी. मोठं शेततळं तीस मीटर लांब असतं, आणि पन्नासच्या वेगाने बोट सेकंदाला चौदा मीटर जाते. हिशेब करा, दोन सेकंदांत समोरचा काठ.

दिवाळीच्या सुट्टीत मी अशीच एक बोट घेऊन आपल्याच एका वर्गमित्राच्या शेततळ्यावर गेलो. त्याचं नाव घेत नाही, तो समोरच बसलाय आणि लाजेल. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंचक्रोशीतल्या जळालेल्या पंपांना तो तीस वर्षं जीवदान देतोय. बोट माझ्या पुतण्याची होती आणि तिला एक आजार जडला होता. पाण्यात सोडली की झकास पळायची, आणि चाळीस-एक सेकंदांनी मोटार गप्प. मिनिटभर थांबलं की पुन्हा हळूहळू चालायची, तेवढ्यावर काठाला आणायची. पुतण्याचं ठाम मत होतं की मोटार गेली, नवी घ्या. मोटार स्वस्त नसते.

अशा वेळी आपण सगळेच पहिल्यांदा सगळ्यात महागड्या वस्तूवर संशय घेतो. कारखान्यातही हेच, शेतातही हेच. पण बोट बंद पडताना काहीतरी सांगत असते. ते ऐकायचं तर तिला एका वेळी एकच प्रश्न विचारावा लागतो. आम्ही विचारलेले प्रश्न क्रमाने सांगतो, कारण मला आज जे सांगायचंय ते या क्रमातच आहे.

पहिला प्रश्न: बोट ठरावीक जागी थांबते, की ठरावीक वेळाने? लांब गेल्यावरच थांबत असेल तर रिमोटचा संदेश पोहोचत नाही असं समजावं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत, त्यामुळे रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर, उभी असावी लागते. आम्ही बोट काठाजवळच लहान गोलात फिरवली. तरीही चाळीस सेकंदांनीच थांबली. अंतराचा मुद्दा निकालात निघाला.

दुसरा प्रश्न: मोटार थांबल्यावर सुकाणू हलतं का? हलत होतं. या एका उत्तराने अर्धं काम झालं. सुकाणू हलतं याचा अर्थ रिमोट बोलतोय, रिसीव्हर ऐकतोय आणि त्याला वीजही मिळतेय. म्हणजे कंट्रोलरने मोटारीची वीज मुद्दाम तोडली होती. कंट्रोलर असं दोन कारणांनी करतो: बॅटरीचा दाब घसरला तर, किंवा तो स्वतः फार तापला तर.

तिसरा प्रश्न मग आपोआपच आला: बॅटरी की उष्णता? लिपोचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. थांबलेल्या बोटीतली बॅटरी मोजली तर सेलमागे ३.९ होता, म्हणजे पोटात भरपूर वीज शिल्लक. पण जुनी बॅटरी निवांत असताना चांगली दिसते आणि जोर लावला की दबते, म्हणून फक्त मोजून भागत नाही. दुसरी, नवी बॅटरी लावली. बाकी काहीही बदललं नाही. पुन्हा चाळीस सेकंद. बॅटरी निर्दोष सुटली.

चौथा प्रश्न हाताने विचारला. झाकण उघडून मोटारीला बोट लावलं, कोमट. कंट्रोलरला लावलं आणि झटकन मागे घेतलं.

या बोटींना गार ठेवायला तळ्याचंच पाणी वापरतात. सुकाणूजवळ पाणी घेणारं तोंड असतं. बोट पळायला लागली की पाणी आपोआप आत ढकललं जातं, बारीक सिलिकॉनच्या नळीतून फिरतं आणि बाजूच्या भोकातून बाहेर पडतं. या बोटीला अशा दोन वाटा होत्या, एक मोटारीसाठी आणि एक कंट्रोलरसाठी. पुन्हा बोट सोडली आणि या वेळी फक्त भोकांकडे पाहिलं. उजवीकडून छान धार. डावीकडून थेंब थेंब.

आतापर्यंत आपला मित्र बांधावर बसून शेंगा खात होता. तो म्हणाला, "अरे, मी तासाभरापासून तेच म्हणायलोय. पंप पाणी सोडत नसंल तर आधी फुटव्हॉल्व्ह बघतेत. मोटार कशाला खोलायची? आधी पाणी बघ."

नळी काढून फुंकली. हवा आरपार गेली, कुठे गाळ नाही, शेवाळ नाही. आता मात्र आम्ही दोघेही, म्हणजे मी आणि पुतण्या, बुचकळ्यात पडलो. मित्राने शेंगा बाजूला ठेवल्या आणि म्हणाला, "बॅटरी आत ठेव, झाकण लाव, आन् मग फुंक." तसं केलं. हवा जाईना! नळी धरून ठेवणारी छोटी क्लिप सुटली होती. नळी सरकून बॅटरीखाली जायची आणि बॅटरीच्या वजनाने चेपायची. टेबलावर बॅटरी काढून तपासलं की नळी मोकळी, पाण्यात बॅटरीसकट सोडली की बंद. क्लिप पुन्हा चिकटवली. त्यानंतर बोट बॅटरी संपेपर्यंत पळाली. नव्या मोटारीचे पैसे वाचले, आणि घेतली असती तरी बोट चाळीस सेकंदांनी थांबलीच असती.

मित्राने जे केलं ते नीट पाहा. यंत्र ज्या अवस्थेत बिघडतं, त्याच अवस्थेत त्याने ते तपासलं. त्याने आयुष्यात रेसिंग बोट पाहिली नव्हती, पण पाण्याने गार होणारी मोटार तो ओळखून होता.

बोट चालू झाली, आता ती जुळवायची कशी ते थोडक्यात सांगतो. दुरुस्ती म्हणजे बोट चालणं, आणि जुळवणी म्हणजे ती सरळ, सपाट आणि कमी विजेत पळणं.

वेग घेतला की नाक वरखाली आपटत बोट बेडकासारखी उड्या मारत असेल, तर बहुतेक वेळा वजन मागे जास्त आहे. बॅटरी पुढे सरकवायची, पण एका वेळी पाच मिलिमीटर, हातभर नव्हे. उलट नाक पाण्यात दाबलं जातंय, बोट ओली आणि जड पळतेय, तर बॅटरी थोडी मागे. वजनाने भागलं नाही तर पंख्याच्या शाफ्टला मागून धरणारा स्ट्रट पाहायचा. सुरुवातीला तो तळाला समांतर ठेवावा. त्याचं मागचं टोक किंचित खाली केलं तर पंखा बोटीची शेपूट उचलतो आणि नाक खाली येतं. टोक वर केलं तर नाक उचललं जातं. केसाएवढा बदलही पाण्यावर दिसतो.

पंखा ज्या दिशेला फिरतो त्याच्या उलट दिशेला बोटीचं अंग कलतं. ड्रिल मशीन अडकलं की हाताला हिसका बसतो, तसंच हे. म्हणून जी बाजू दबते तिकडची मागची छोटी पट्टी जराशी खाली वाकवायची, म्हणजे पाणी ती बाजू उचलतं. किंवा बॅटरी दुसऱ्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर सरकवायची.

पंखा आणून तसाच लावू नये. धातूचा नवा पंखा बोथट असतो आणि त्याचं एक पातं जड असू शकतं. कानसेने धार काढायची, मग गुळगुळीत दांडीवर तोलायचा. जे पातं खाली जातं त्याच्या मागून थोडा धातू घासायचा. न तोललेला पंखा मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेऱ्यांवर बेअरिंग खाऊन टाकतो. आणि लवचीक शाफ्ट असेल तर पंख्याच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर फट ठेवायची, कारण जोर आला की पिळलेल्या तारेचा तो शाफ्ट आणखी पिळला जाऊन आखूड होतो. फट नसली तर तो स्ट्रटला घासतो, मोटार तापते, आणि आपण पुन्हा मोटारीला शिव्या देत बसतो.

या सगळ्याला मिळून एक वही लागते. तारीख, वारा, बॅटरी कुठे होती, पंखा कोणता, किती वेळ पळाली, परत आल्यावर मोटार, कंट्रोलर आणि बॅटरी किती तापली. एका फेरीत एकच बदल, आणि बदल केल्यावर सुधारणा झाली नाही तर तो आधीच्या जागी परत. दोन बदल एकदम केले आणि बोट चांगली पळाली, तर कशामुळे पळाली ते कळत नाही. आपल्या विज्ञानाच्या सरांनी प्रयोगवहीत कृती, निरीक्षण आणि अनुमान असे तीन वेगळे रकाने आखून घेतले होते. निरीक्षणाच्या रकान्यात अनुमान लिहिलं की सर पान फाडायचे. सर, माझ्या बोटीच्या वहीत आजही तेच तीन रकाने आहेत.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, ते सांगतो. त्याच शेततळ्यावर, क्लिप सापडण्याच्या आधी, एका फेरीत बोट मध्यभागी थांबली आणि पुन्हा सुरू होईना. मी रिमोटकडे बघत होतो. पुतण्याने शर्ट काढला आणि तो काठावरून खाली उतरायला लागला. चौदा वर्षांचा पोरगा, पोहता येतं त्याला. मित्राने हातातल्या शेंगा टाकल्या, त्याला दंडाला धरून मागे ओढला आणि जोरात ओरडला. तो इतका चिडलेला मी शाळेतही पाहिला नव्हता.

शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर असतं. उतार सरळ, वर शेवाळाचा थर. आत जाणं सोपं, बाहेर येणं पोहणाऱ्यालाही कठीण, कारण धरायला काहीच नसतं. शेततळ्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. त्यातली कितीतरी मुलं काहीतरी काढायला म्हणून उतरलेली असतात: चेंडू, चप्पल, घागर. बोट तर त्याहून मोठा मोह आहे.

म्हणून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिलाय: बोट बंद पडली तर कुणीही पाण्यात उतरायचं नाही. मग बोट आणायची कशी? पहिलं, बोट सोडतानाच वारा आपल्या तोंडावर येईल अशा काठावर उभं राहायचं. बंद पडलेली बोट वाऱ्याने आपोआप आपल्याकडे येते, फक्त थांबावं लागतं. दुसरं, मासे धरायच्या लांब दोरीला टेनिसचा चेंडू बांधून बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि दोरी हळूहळू ओढायची. दोरी बोटीला अडकते आणि बोट येते. त्या दिवशी आम्ही तशीच आणली, सहाव्या फेकीला. तिसरं, बोटीच्या आत फोमचे तुकडे इतके भरायचे की ती पाण्याने भरली तरी तरंगत राहील, म्हणजे "बुडेल, बुडेल" म्हणून कुणी धावणार नाही. चौथं, संदेश तुटला तर मोटार आपोआप शून्यावर यावी अशी सोय रिसीव्हरमध्ये लावून घ्यायची आणि प्रत्येक वेळी काठावरच रिमोट बंद करून ती तपासायची. आणि हे सगळं करूनही बोट गेली तर जाऊ द्यायची.

बॅटरीचंही असंच. लिपो भरताना तिच्याजवळ माणूस हवा, झोपताना लावून ठेवायची नाही. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत तर मुळीच ठेवायची नाही. मी मातीच्या कुंडीत, उघड्या फरशीवर ठेवून भरतो.

मित्रांनो, आपल्या औंढ्याजवळ लायगोची वेधशाळा होतेय. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींना मंजुरी दिली. तिथं शास्त्रज्ञ अणूच्या केंद्रापेक्षाही कितीतरी बारीक हालचाल मोजणार आहेत, आणि त्यांचं बरंचसं काम हेच असणार: ही थरथर खरी खूण आहे, की कुठून तरी आलेला गोंगाट, ते एकेक कारण बाजूला काढत ठरवणं. आपल्या शाळेतल्या पोरांनी ती वेधशाळा फक्त बसच्या खिडकीतून बघावी असं मला वाटत नाही. तिथं जायचं तर बिघाडाकडे न घाबरता, न चिडता, क्रमाने पाहायची सवय लागते. ती पुस्तकातून लागत नाही, काहीतरी बंद पडावं लागतं. आणि ती शिकवणारी माणसं पुण्याहून आणायची गरज नाही. आज या मंडपात पंप दुरुस्त करणारे आहेत, ट्रॅक्टरवाले आहेत, वायरमन आहेत, सोनारकाम करणारे आहेत. पंखा तोलायला सोनाराइतका हात कुणाचा आहे?

म्हणून माझी विनंती. मुख्याध्यापकांची परवानगी असेल तर शाळेत एक छोटा बोट गट सुरू करू या. दोन बोटी मी देतो. पण बोटींच्या आधी चार लाइफ जॅकेट, लांब दोर आणि एक रिकामी ट्यूब येईल, आणि ते आल्याशिवाय बोट पाण्याला लागणार नाही. आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा, प्रत्येक वेळी काठावर किमान दोन मोठी माणसं हवीत. वर्गणी मागत नाही, रविवार मागतोय. तो जास्त महाग आहे हे मला माहीत आहे. आपल्या मित्राने पहिला रविवार देतो म्हणून सांगितलंय, शेंगांसकट.

मंडपाबाहेर टेबलावर बोट ठेवली आहे. जेवणाच्या रांगेत उभे असताना जरूर बघा, उचलून बघा, झाकण उघडून नळी बघा. फक्त पंख्याला हात लावू नका. बॅटरी काढून ठेवली आहे, पण पात्यांची धार विळीसारखी आहे.